सैल जोडाचा आवाज

सांगली आकाशवाणी १९६३ साली सुरू झाली आणि वारणाकाठच्या कोडोलीसारख्या गावांत मध्यम लहरींवरचा रेडिओ घरोघरी बोलू लागला. ज्यांनी तो ऐकला, त्यांना त्यातली खरखरही ठाऊक आहे. दारावरून मोटारसायकल गेली, सोप्यातली ट्यूब फडफडत पेटायला लागली, कुणी मिक्सर लावला, की रेडिओतला आवाज चिरत जायचा. उसाला पाणी पाजणारं डिझेल इंजिन मात्र शेजारी तासन्‌तास धडधडलं तरी रेडिओवर त्याचा ओरखडा उमटत नसे. कानाला नकोसं झालेलं इंजिन रेडिओपुरतं मुकं, आणि ट्यूबचा बोटभर स्टार्टर त्याला हैराण करणारा.

कारण साधं आहे. डिझेल इंजिनात इंधन दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटतं, तिथे ठिणगीचं काम नाही. पेट्रोल इंजिनाला प्लग लागतो. मिक्सरच्या मोटरमध्ये तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बनचे ब्रश घासतात. स्टार्टरमध्ये दोन पत्र्या टेकतात आणि सुटतात. वीज वाहत असताना संपर्क तुटला की ठिणगी उडते, आणि तिच्यातून निघणारा धक्का एकाच वेळी असंख्य लहरलांबींवर पसरतो. स्टेशन कुठलंही लावलेलं असो, त्याचा काही वाटा तिथे पोचतोच.

या खरखरीची सगळ्यात फसवी जात रिमोट कंट्रोलची विमानं उडवणाऱ्यांना भेटली. त्यांच्या विमानात ती अशा जोडातून निघाली, जिथे बॅटरीची तार पोचत नव्हती, प्लग नव्हता आणि ब्रशही नव्हते. पोलादी तारेचं टोक धातूच्याच एका भोकात सैल अडकवलेलं, एवढंच. इंजिन सुरू झालं, सांगाडा थरथरू लागला, की तेवढ्याशा जोडापायी चांगलं विमान हुकूम मानेनासं व्हायचं. या दोषाचा माग काढत मागे गेलं, की आपण विमानांच्याच नव्हे, रेडिओच्याही आधीच्या काळात पोचतो. कारण बिनतारी लहरींची अगदी सुरुवातीची एक चाहूल माणसाला लागली, ती एका सैल जोडातूनच.

ग्रेट पोर्टलंड स्ट्रीट, १८७९

अक्षरं छापणारं तारयंत्र आणि कार्बन मायक्रोफोन यांसाठी ओळखले जाणारे डेव्हिड ह्यूज १८७९ साली लंडनमध्ये ‘इंडक्शन बॅलन्स’ नावाच्या उपकरणावर काम करत होते. त्याला जोडलेल्या टेलिफोनमध्ये मधूनच नको तो आवाज यायचा. शोधता शोधता दोष सापडला, मंडलातला एक जोड सैल होता. इथवर जे घडलं ते कुठल्याही वायरमनच्या कामात रोज घडतं. ह्यूज यांचं मोठेपण पुढच्या निरीक्षणात आहे. टेलिफोन उपकरणापासून सुटा केला, मध्ये एकही तार ठेवली नाही, तरी आवाज येतच होता. मग त्यांनी मंडल जोडत-तोडत राहणारं यंत्र घरात चालू ठेवलं आणि टेलिफोन कानाला लावून ते ग्रेट पोर्टलंड स्ट्रीटवर चालत निघाले. सुमारे ५०० यार्ड, म्हणजे साडेचारशे मीटरपर्यंत त्यांना तो ऐकू आला.

त्यांच्या हातातल्या यंत्राचा कानही तशाच जोडाचा होता. कार्बन आणि पोलाद एकमेकांना जेमतेम टेकवलेले. पाठवणाऱ्या टोकाला अर्धवट संपर्क आणि ऐकणाऱ्या टोकालाही अर्धवट संपर्क. फेब्रुवारी १८८० मध्ये रॉयल सोसायटीच्या मंडळींनी हा प्रयोग पाहिला. त्यांतले जॉर्ज स्टोक्स यांनी हा जुन्या, माहीत असलेल्या इंडक्शनचाच परिणाम आहे असं मत दिलं. ह्यूज यांनी मग निष्कर्ष छापलेच नाहीत आणि ही हकिगत उजेडात यायला १८९९ साल लागलं. दरम्यान १८८७-८८ मध्ये हाइनरिख हर्ट्‌झ यांनी धातूच्या दोन गोळ्यांमधल्या फटीत ठिणगी पाडून विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध केल्या होत्या. स्वतःच्या कानांनी ऐकलेलं खरं निरीक्षण मोठ्या नावाच्या एका वाक्याने अडगळीत जावं, याची हळहळ आजही वाटते.

ह्यूज यांनी ऐकलं ते आज कुणालाही ऐकता येईल. एक साधा सेल, एक तार, एक कानस आणि मध्यम लहरींचा रेडिओ एवढंच लागतं. सेलचं एक टोक कानशीला जोडायचं, दुसऱ्या टोकाची तार कानशीच्या दातांवरून ओढायची. दात संपेपर्यंत संपर्क शेकडो वेळा जुळतो आणि तुटतो. स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावलेला रेडिओ जवळ असेल, तर ती प्रत्येक ओढ त्यात करकरते.

शत्रू होण्याआधीचा कान

पुढची वीस-पंचवीस वर्षं सैल संपर्क हाच बिनतारी विद्येचा कान होता. १८९० मध्ये एदुआर ब्रानली यांनी काचेच्या नळीत धातूचा कीस भरला. जवळ ठिणगी पडली की किसाचे कण एकमेकांना धरतात आणि नळीतून वीज सहज वाहू लागते, हे त्यांनी दाखवलं. नळीला टिचकी मारली की कण पुन्हा सुटे होतात. ऑलिव्हर लॉज यांनी या नळीला ‘कोहिअरर’ हे नाव दिलं. मार्कोनींची सुरुवातीची यंत्रं याच नळीवर ऐकत असत.

आपल्याकडे या संपर्काच्या मुळाशी गेले ते जगदीशचंद्र बोस. कोलकात्यात १८९५ मध्ये त्यांनी बिनतारी लहरींनी दूरवर घंटा वाजवून दाखवली. पण त्यांची खरी ओढ धातूच्या पृष्ठभागाकडे होती. दोन धातू टेकतात तिथे नेमकं काय होतं, कुठल्या धातूचा संपर्क लहर आल्यावर सैलावतो आणि कुठल्याचा घट्ट होतो, याचा त्यांनी पिच्छा पुरवला. १८९९ मध्ये लोखंड आणि पारा यांच्या संपर्कावर चालणारा, टिचकी न मारता आपोआप पूर्ववत होणारा शोधक त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडला. मार्कोनी यांनी १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडून आलेला संकेत ऐकताना पाऱ्याच्याच जातीचा शोधक वापरला. सतत वापरलेला धातूचा संपर्क ‘थकतो’ आणि विश्रांतीनंतर सावरतो, या निरीक्षणातूनच बोस सजीव आणि निर्जीव यांच्या प्रतिसादाच्या अभ्यासाकडे वळले.

रिमोट कंट्रोलचा जन्मही याच कानावर झाला. १८९८ मध्ये निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी होडी बिनतारी हुकुमांवर फिरवली. होडीच्या पोटात धातूच्या भुकटीची डबी होती. हुकूम आला की भुकटी वीज वाहू द्यायची आणि पुढच्या हुकुमासाठी डबी उलटून भुकटी पुन्हा सुटी केली जायची. पुढे ज्या सैल संपर्काने विमानं पाडली, त्याच सैल संपर्काने पहिलं रिमोट चालवलं होतं.

व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळ्या, आले आणि चित्र उलटलं. अखंड, एकाच लहरलांबीवर राहणारी लहर निर्माण करता येऊ लागल्यावर ठिणगीची सगळीकडे पसरणारी लहर उपद्रवी ठरली. १९२७ च्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठिणगीवर चालणारी प्रक्षेपणयंत्रं टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं ठरवलं. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं होतं. नियमित प्रक्षेपण आपल्याकडे आलं, ते ठिणगी पाहुणी म्हणून नकोशी झाली तेव्हाच. १९३४ मध्ये यंत्रांमुळे रेडिओत होणाऱ्या व्यत्ययावर मानकं ठरवण्यासाठी सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली.

थ्रॉटलचा तो जोड

१९३७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचं रेडिओवर चालणारं मॉडेल विमान उडवलं. त्यांचं विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या काळातल्या आणि पुढच्या बऱ्याच वर्षांतल्या मॉडेलांचे रिसीव्हर एक-दोन व्हॉल्व्हचे असत. वजनाला हलके, पण लहरींचा फार रुंद पट्टा ऐकणारे. हुकूम म्हणजे लहर आहे किंवा नाही, एवढाच. पीळ दिलेल्या रबराच्या ताकदीवर सुकाणू एकेक घर पुढे सरके. असला रिसीव्हर खरखरीलाही हुकूम समजू शकत असे.

१९६० च्या दशकात आलेल्या प्रमाणबद्ध नियंत्रणाने विमान खऱ्या विमानासारखं वळू लागलं. दर २० मिलिसेकंदांच्या आसपास हुकुमांची एक साखळी पाठवली जाते. तिच्यात प्रत्येक सर्व्होसाठी, म्हणजे विमानाचा एकेक भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरीसाठी, एक काळ ठरलेला असतो. १.५ मिलिसेकंद म्हणजे मध्य, १ म्हणजे एक टोक, २ म्हणजे दुसरं. दोन काळांच्या सीमेवर बारीकशी खूण असते आणि रिसीव्हर त्या खुणा मोजत कुठला हुकूम कुठल्या सर्व्होचा हे ठरवतो. आता या साखळीत सैल जोडाची एक ठिणगी घुसली, तर रिसीव्हर तिलाही सीमेची खूण समजतो. पंगतीत मध्येच आगंतुक बसला की पुढच्या प्रत्येकाचं ताट एकाने सरकावं, तसे पुढचे सगळे हुकूम सरकतात. शेपटीच्या आडव्या पंखाचा हुकूम सुकाणूला जातो, सुकाणूचा थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाचा वेग ठरवणाऱ्या झडपेला. पुढच्या साखळीत सगळं सावरतं, पण इंजिन मिनिटाला दहा हजार फेऱ्यांनी थरथरत असेल तर पुढच्या साखळीतही आगंतुक हजर असतो.

हा जोड नेहमी सापडायचा तो कार्ब्युरेटरपाशी. सर्व्होकडून आलेली पोलादी तार म्हणजे पुशरॉड, तिच्या टोकाला दोन पाकळ्यांची धातूची कडी म्हणजे क्लेव्हिस, आणि तिची पिन कार्ब्युरेटरच्या धातूच्या पट्टीतल्या भोकात. पिन भोकात सहज फिरावी म्हणून केसभर जागा सोडावीच लागते. इंजिन चालू झालं की त्या केसभर जागेत पिन सतत आपटत राहते. वर तेलाचा आणि ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्यामुळे धातू धातूला कधी भिडतो, कधी नाही.

तिथे बॅटरी नाही, मग वीज येते कुठून? ती ट्रान्समीटरकडूनच येते. ३५ मेगाहर्ट्‌झची लहर साडेआठ मीटर लांब, ७२ मेगाहर्ट्‌झची चार मीटरच्या थोडी वर. एवढ्या लांबीच्या लहरींसाठी रिसीव्हरला सुमारे मीटरभर तार लावत आणि ती पोटातून शेपटीपर्यंत नेत. शेजारून पोलादी पुशरॉड गेलेले. ते धातूचे असल्यामुळे तीच लहर पकडतात आणि त्यांच्यातही बारीक प्रवाह खेळतो. पुशरॉड इंजिनाला भिडला की दोघं मिळून एक लांब धातू होतो, सुटला की दोन तुकडे. म्हणजे अँटेनाच्या शेजारचा धातू सेकंदाला शेकडो वेळा आपली लांबी बदलतो आणि अँटेनापर्यंत पोचणारी लहर प्रत्येक वेळी झटका खाते. शिवाय घासणाऱ्या धातूवर साठलेला स्थिर भारही त्या फटीतून सुटतो.

म्हणूनच जाणत्या उडवणाऱ्याची चाचणी दोनदा असायची. ट्रान्समीटरची अँटेना मिटवायची, तीसेक पावलं मागे जायचं आणि इंजिन बंद ठेवून सर्व्हो नीट हलतात का ते पाहायचं. मग इंजिन सुरू करून तेच पुन्हा. पहिल्या खेपेला सगळं शांत आणि दुसऱ्या खेपेला सर्व्हो थरथरले, तर दोष रेडिओत नाही, कुठल्या तरी जोडात आहे. मग सायलेन्सरचे स्क्रू, चाकांच्या तारा, पंख बसवायचे बोल्ट असं एकेक हाताने हलवून पाहायचं.

दोन उपाय, एकच तत्त्व

खऱ्या विमानांनी या दोषावर एक उपाय काढला आणि मॉडेलवाल्यांनी बरोबर उलटा. खरं विमान सगळंच धातूचं, तिथे धातू टाळणं शक्य नाही. म्हणून बिजागरीने जोडलेले पंखांचे हलते भाग तांब्याच्या विणलेल्या पट्टीने मुख्य सांगाड्याला पक्के बांधतात. बिजागरी कितीही हलली तरी वीज पट्टीतून अखंड वाहते. मॉडेल लाकडाचं आणि हलकं, तिथे धातूचा संपर्कच काढून टाकता येतो. धातूच्या कडीऐवजी नायलॉनची कडी, पोलादी पुशरॉडऐवजी लाकडी काठी किंवा नायलॉनच्या नळीतून सरकणारी नळी. एका टोकाला धातू हवाच असेल तर दुसरं टोक नायलॉनचं. ब्रशच्या मोटरवर छोटे कपॅसिटर, पेट्रोल इंजिनावर रोध असलेला प्लग आणि जाळीने झाकलेली वायर.

दोन्ही उपायांमागचं तत्त्व एकच. जोडायचं तर पूर्ण जोडा, वेगळं ठेवायचं तर पूर्ण वेगळं ठेवा. उपद्रव होतो तो मधल्या स्थितीत.

भारतात एरोमॉडेलिंग अनेकांना भेटलं ते नॅशनल कॅडेट कोअरमधून. तिच्या हवाई शाखेच्या पहिल्या तुकड्या १९५० मध्ये मुंबई आणि कोलकात्यात उभ्या राहिल्या. बिनतारी यंत्र बाळगायला १९३३ च्या कायद्याखाली परवाना लागे आणि सामान परदेशातून आणावं लागे. त्यामुळे दोन बारीक पोलादी तारांनी हातात धरून गोल फिरवायचं ‘कंट्रोल लाइन’ विमान हाच कॅडेटांचा मोठा आधार होता. त्या विमानाला व्यत्यय माहीत नाही, हुकूम तारेतूनच जातो. पण मैदानावर उतरण्याआधी तारेचा प्रत्येक फासा आणि प्रत्येक कडी ओढून पाहण्याची शिस्त त्यातूनच मुलांच्या हाताला लागते.

दोष झाकणारी प्रगती

१९८० च्या दशकात हुकूम आकड्यांत पाठवणारी पीसीएम पद्धत आली. आकड्यांचा मेळ बसला नाही तर रिसीव्हर ती साखळी टाकून द्यायचा आणि आधीचाच हुकूम धरून ठेवायचा. सर्व्होची थरथर संपली. पण ती थरथर हीच तर धोक्याची सूचना होती. आता विमान शेवटपर्यंत शहाण्यासारखं उडे आणि खराब साखळ्या सलग आल्या की एकदम हाताबाहेर जाई.

मग २.४ गिगाहर्ट्‌झ आलं. भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये या पट्ट्यातली कमी शक्तीची यंत्रं परवान्यातून मोकळी केली. इथे लहर साडेबारा सेंटिमीटरची, अँटेना बोटाच्या दोन पेरांएवढी. सैल जोडाच्या ठिणगीचा जोर खालच्या लहरींवर जास्त असतो, इतक्या वर तो फार ओसरतो. शिवाय हुकूम एकाच ठिकाणी थांबत नाही, ठरलेल्या क्रमाने पट्टाभर उड्या मारतो. या उड्यांच्या कल्पनेचं एक पेटंट १९४२ मध्ये अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी घेतलं होतं, तेही रेडिओने चालवायच्या टॉर्पेडोसाठी. जोडीला ब्रश नसलेल्या मोटरी आल्या आणि घासणारा एक मोठा संपर्कही विमानातून गेला.

एवढं झाल्यावर जुनी शिस्त कालबाह्य वाटू लागली. ती तशी नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. रेडिओचा गोंगाट कमी असलेली जागा म्हणून हा परिसर निवडला गेला. तिथे आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो, की जवळच्या खांबावरची ठिणगी त्याला सहज बुडवते. वीजवाहिन्यांवरचे गंजलेले क्लॅम्प, सैल जंपर, ढिली पडलेली बांधणी यांतून उठणारा आवाज हा तिथल्या व्यत्ययाचा एक मोठा स्रोत ठरला आहे. यातला चिनी मातीच्या चिमणीखालचा, म्हणजे इन्सुलेटरखालचा, सैल बोल्ट तर थ्रॉटलच्या त्या कडीचा सख्खा भाऊ आहे. त्याला वाहिनीची तार जोडलेलीच नसते. आसपासच्या विद्युतक्षेत्रातून त्याच्यावर दाब चढतो आणि तो शेजारच्या धातूकडे फट ओलांडून ठिणगी टाकतो. पाऊस पडला, फट ओली झाली, की आवाज बहुधा थांबतो. कोरड्या हवेत पुन्हा सुरू.

जीएमआरटीच्या सुधारित रूपात असले झटके ओळखून तत्क्षणी गाळणारी संगणकीय गाळणी आहे. तरीही तिथली मंडळी अँटेना घेऊन खांब शोधत फिरतात आणि महावितरणकडून जोड आवळून घेतात. गाळणी आवाजाबरोबर आकाशाचा थोडा संकेतही टाकून देते. आवळलेला जोड काहीच गमावत नाही.

हे कोल्हापूर जिल्ह्यात, कोडोलीच्या उसाच्या पट्ट्यात सांगायचं कारण म्हणजे औषध फवारणारे ड्रोन. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचं ठरलं आणि उसासारख्या उंच, माणूस शिरू न शकणाऱ्या पिकाला या यंत्राची खरी गरज आहे. या ड्रोनचे हात सहसा कार्बन फायबरचे असतात आणि घडी घालायचे जोड ॲल्युमिनियमचे. कार्बन फायबर वीज वाहून नेतं. ओलावा आणि रसायनं मध्ये आली, की कार्बनला चिकटून असलेलं ॲल्युमिनियम लवकर गंजतं. फवारणीच्या यंत्रात ओलावा आणि रसायनं तर रोजचीच. हलणारा, गंजणारा, कार्बन आणि धातूचा सैल संपर्क म्हणजे ह्यूज यांनी मुद्दाम बनवलेला कानच.

२.४ गिगाहर्ट्‌झची लहर त्याला बऱ्यापैकी पुरून उरेल. पण त्याच ड्रोनवर उपग्रहांचा अत्यंत क्षीण संकेत ऐकणारा रिसीव्हरही बसलेला असतो. आणि रेडिओला त्रास झाला नाही, तरी सैल जोड उडणाऱ्या यंत्राला कधीच परवडत नाही. म्हणून ड्रोन चालवायच्या प्रशिक्षणात ॲप आणि नकाशाइतकाच वेळ जोडांना मिळाला पाहिजे. फवारणी संपली की साध्या पाण्याने धुऊन पुसणं, घडीचं प्रत्येक कुलूप हाताने हलवून पाहणं, गंजाची पांढरी पूड दिसली की तो भाग बदलणं, आणि हरवलेल्या साखळ्यांची नोंद यंत्र ठेवत असेल तर ती दर उड्डाणानंतर वाचणं. हा आकडा वाढू लागला तर उत्तर आधी स्क्रूमध्ये शोधायचं, मग सॉफ्टवेअरमध्ये. दीडशे वर्षांत रेडिओची पाच-सहा रूपं बदलली, सैल जोडावरचा उपाय मात्र ह्यूज यांच्या टेबलावर होता तोच आहे. तो जोड शोधायचा आणि आवळायचा.